जॉनाथन थर्स्टन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ब्रिस्बेनला राहते. घरी फोन केला की आधी क्रिकेट होतं, मग पाऊसपाणी होतं, आणि शेवटी कुणीतरी विचारतंच, "तुमच्याकडचा तो दुसरा खेळ, एकमेकांच्या अंगावर धावून जातात तो, तो नक्की काय असतो गं?" मी सांगायला लागते आणि पाचव्या मिनिटाला जॉनाथन थर्स्टनवर येऊन पोचते. गेल्या काही वर्षांत नातेवाइकांनी, मित्रमंडळींनी आणि इथे नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांनी विचारलेले प्रश्न एका ठिकाणी लिहून ठेवते आहे.

थर्स्टन कोण?

ऑस्ट्रेलियाचा रग्बी लीग खेळाडू. जन्म २५ एप्रिल १९८३, ब्रिस्बेन. जागा हाफबॅकची, पाठीवर सात नंबर. २००२ ते २०१८ या काळात तो एनआरएलमध्ये, म्हणजे इथल्या सर्वांत वरच्या स्पर्धेत, ३२३ सामने खेळला. त्यातले पहिले २९ सिडनीच्या बुलडॉग्जकडून आणि पुढचे २९४ टाउन्सव्हिलच्या नॉर्थ क्वीन्सलँड काउबॉइजकडून. इथे कुणी त्याचं पूर्ण नाव घेत नाही. 'जेटी' म्हटलं की पोरासोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना कळतं.

रग्बी लीग म्हणजे मुंबईत खेळतात तेच रग्बी ना?

नाही. बॉम्बे जिमखान्यावर वर्षानुवर्षं खेळलं जातं ते रग्बी युनियन, आणि २०२५ मध्ये अंधेरीत जी रग्बी प्रीमियर लीग झाली ती सात-सात जणांची सेव्हन्स. रग्बी लीग १८९५ मध्ये वेगळं झालं. उत्तर इंग्लंडमधले खेळाडू बहुतेक खाणीत आणि गिरणीत राबणारे. शनिवारी सामना खेळायचा तर तेवढी मजुरी बुडायची. ती भरून मिळावी एवढीच मागणी होती. ती मान्य होईना, तेव्हा तिकडच्या क्लबांनी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात बैठक घेतली आणि वेगळी संघटना काढली. ऑस्ट्रेलियात हा खेळ १९०८ पासून नियमित सुरू झाला. कामगारवस्तीतला खेळ ही त्याची ओळख सिडनीत आणि क्वीन्सलँडमध्ये अजून पुसलेली नाही.

नियम समजावून सांगा, पण थोडक्यात.

दोन्हीकडे तेरा-तेरा जण, ऐंशी मिनिटं. चेंडू हातात घेऊन समोरच्या टोकाच्या रेषेपलीकडे टेकवला की ट्राय, त्याचे ४ गुण. त्यानंतर खांबांमधून किक मारली की आणखी २. पेनल्टीची किक २ गुणांची. चालू खेळात चेंडू जमिनीवर टेकवून उडवत ड्रॉप किक खांबांमधून मारली तर १ गुण, फार लांबून मारली तर २. पास नेहमी मागे द्यायचा, पुढे फक्त किक.

कबड्डी बघत मोठे झालेल्यांना एक गोष्ट पटकन कळते, ती म्हणजे पकड. चेंडूवाल्याला धरून पाडलं की खेळ क्षणभर थांबतो. तो उठतो, चेंडू टाचेने मागे सारतो, पुन्हा सुरू. असं एका संघाला पाच वेळा करता येतं. सहाव्यांदा धरला गेलात तर चेंडू समोरच्यांचा. त्यामुळे पाच पकडी झाल्या की बहुतेक संघ किक मारतात. ही किक कुठे पडते, किती उंच जाते, कुणाच्या डोक्यावर येते, यावर निम्मा सामना ठरतो. आणि ती मारणारा माणूस असतो हाफबॅक.

हाफबॅक नेमकं करतो काय? तो काही सर्वांत ताकदवान दिसत नाही.

बहुतेकदा तो मैदानातल्या सर्वांत लहान चणीच्या खेळाडूंपैकी असतो. शंभर-एकशेदहा किलोचे फॉरवर्ड समोरून धडका देत पुढे सरकतात. त्यांच्या मागे दोन पावलांवर हाफबॅक उभा असतो आणि सारखा बोलत असतो. पुढची धडक कोण देणार, डावीकडे कुणी थांबायचं, कुणी पळून फसवायचं, हे सगळं तो ओरडून, बोट दाखवून ठरवतो. टीव्हीवर चेंडूच्या मागे कॅमेरा असतो, म्हणून हे दिसत नाही. मैदानात बसून पाहिलं की पाच मिनिटांत लक्षात येतं.

थर्स्टनची चाल मी बघायचे ती अशी. चेंडू दोन्ही हातात, छातीसमोर धरलेला. तो बचावाच्या रेषेकडे तिरका पळत यायचा आणि पास द्यायला हात बाजूला न्यायचा. समोरच्याची नजर हातांबरोबर सरकली, कमरेतून तो जरासा वळला, की चेंडू हातातच राहायचा आणि थर्स्टन त्या वळलेल्या खांद्याच्या बाजूने आत. नजर सरकली नाही तर पास खरोखर जायचा. ठरवायला वेळ असायचा जेमतेम अर्धा सेकंद, आणि तेवढ्यात कुणीतरी त्याच्या फासळ्यांवर येऊन आदळणार हे पक्कं असायचं. धडक बसेपर्यंत चेंडू धरून ठेवायची त्याची तयारी होती, म्हणून बाकीच्यांना मोकळी जागा मिळायची.

आणखी एक. किक मारून झाली की बरेच हाफबॅक दोन क्षण श्वास घेतात. हा आपल्याच किकमागे धावत सुटायचा. सहकारी चुकला, समोरचा चेंडू घेऊन मोकळ्या मैदानात पळाला, तर मागून जीव तोडून पाठलाग करणाऱ्यांत हा असायचाच, पकडायची आशा नसली तरी. इथले लोक त्याला 'कॉम्पेटिटर' म्हणतात ते यासाठी. मराठीत मी चिवट म्हणेन.

त्याला आधी कुणी घेत नव्हतं म्हणतात, खरं?

हो. पोरसवदा असताना अंगाने बारीक, दिसायला किरकोळ. हा मोठ्यांच्या खेळात टिकणार नाही, असंच बहुतेक क्लबांना वाटलं. ज्या शहरात जन्मला, वाढला, तिथल्या ब्रॉन्कोजकडे जागा झाली नाही. शेवटी सिडनीच्या बुलडॉग्जने दार उघडलं. २००२ मध्ये तो त्यांच्याकडून वरच्या श्रेणीत पहिला सामना खेळला.

अंगठीचा किस्सा काय आहे?

२००४ चा अंतिम सामना. बुलडॉग्जने रूस्टर्सना १६-१३ असं हरवलं आणि थर्स्टन राखीव खेळाडूंमधून त्या सामन्यात खेळला. जिंकलेल्या संघाला विजेतेपदाची अंगठी मिळते. संघाचा कर्णधार स्टीव्ह प्राइस मात्र दुखापतीमुळे बाहेर बसला होता. एकवीस वर्षांच्या थर्स्टनने आपली अंगठी प्राइसला देऊन टाकली. प्राइसमुळे संघ इथवर आला, अंगठी त्याचीच, एवढं त्याचं म्हणणं.

त्या वयात, पहिलीच अंगठी, आणि दुसरी मिळेल याची कसलीच खात्री नाही. दुसरी मिळायला अकरा वर्षं गेली.

मग सिडनी सोडून टाउन्सव्हिलला का गेला?

खेळायला. बुलडॉग्जमध्ये त्याला रोजची सात नंबरची जागा मिळण्यासारखी नव्हती, काउबॉइजकडे होती.

टाउन्सव्हिल म्हणजे ब्रिस्बेनच्या उत्तरेला सुमारे १३०० किलोमीटर. उकाडा, दमट हवा, उसाची शेती, लष्कराची छावणी, समोर समुद्र. क्लब १९९५ पासून स्पर्धेत होता आणि बराच काळ तळाशी चाचपडत होता. दर दुसऱ्या आठवड्याला विमानाने दूर जाऊन खेळायचं, परतायचं, पुन्हा सराव. नावाजलेले खेळाडू तिकडे जायला फारसे राजी नसत. थर्स्टन २००५ मध्ये गेला आणि पहिल्याच वर्षी दोन गोष्टी झाल्या. वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचं डॅली एम पदक त्याला मिळालं, आणि क्लब इतिहासात प्रथमच अंतिम सामन्यात पोचला. तो सामना ते वेस्ट्स टायगर्सकडून १६-३० असे हरले.

नंतर मोठ्या शहरांतून बोलावणी आली असणारच. तो शेवटपर्यंत तिथेच राहिला.

२००५ नंतर जिंकायला २०१५ का उजाडलं?

काही वर्षं संघच कमकुवत होता. पण २०१२ पासूनची तीन वर्षं आठवली की उत्तर क्वीन्सलँडची माणसं आजही आवाज चढवतात.

२०१२ मध्ये मॅनलीविरुद्धच्या बाद फेरीत समोरच्या खेळाडूच्या हाताला लागून चेंडू पुढे गेल्याचं, म्हणजे नियमभंग झाल्याचं, दिसत असताना ट्राय दिला गेला. २०१३ मध्ये क्रोनुलाविरुद्ध पंचांची मोजणी चुकली. सहा पकडींनंतर चेंडू काउबॉइजना मिळायला हवा होता, क्रोनुलाला सातवी संधी मिळाली आणि त्यातच त्यांनी ट्राय केला. काउबॉइज १८-२० हरले, हंगाम संपला. दोन गुणांनी, हो.

२०१४ चं तर विलक्षण. रूस्टर्सविरुद्ध ते ०-३० असे मागे होते. तिथून ३०-३० केले. मग एका ड्रॉप किकने ३०-३१. शेवटच्या क्षणी थर्स्टन स्वतः चेंडू घेऊन रेषेपलीकडे गेला, सगळे नाचायला लागले, आणि पंचांनी पुन्हा पाहून सांगितलं की त्याआधी सहकाऱ्याच्या हातून चेंडू पुढे गेला होता. ट्राय रद्द. हा निर्णय बरोबर होता, हे मलाही मान्य आहे. आधीचे दोन मात्र आजही गळी उतरत नाहीत.

२०१५ च्या अंतिम सामन्यात नक्की काय झालं?

४ ऑक्टोबर २०१५, सिडनी, ८२ हजारांवर प्रेक्षक. एका बाजूला काउबॉइज, दुसऱ्या बाजूला ब्रिस्बेन ब्रॉन्कोज. दोन्ही संघ क्वीन्सलँडचे, असा अंतिम सामना याआधी कधीच झाला नव्हता. मी शेजाऱ्यांकडे बघत होते. घर कट्टर ब्रॉन्कोजवाल्यांचं. मी एकटी काउबॉइजची, आणि ते मला चहा देत होते.

मध्यंतराला ब्रॉन्कोज १४-१२ ने पुढे. मग एक पेनल्टी, १६-१२. तिथून पुढे घड्याळ सरकत राहिलं आणि फलक हलेना. अखेरच्या चढाईत, वेळ संपता संपता, चेंडू थर्स्टनकडून मायकल मॉर्गनकडे गेला. मॉर्गनने दोन जणांना अंगावर घेतलं आणि पडता पडता मागच्या हाताने चेंडू काइल फेल्टकडे सरकवला. फेल्टने उजव्या कोपऱ्यात ट्राय टेकवला. १६-१६. शेजारच्या आजी खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. त्या पुढे बसल्याच नाहीत.

ट्राय कोपऱ्यात झाला की त्यानंतरची २ गुणांची किकही (तिला कन्व्हर्जन म्हणतात) तिथूनच, बाजूच्या रेषेला खेटून मारावी लागते. वेळ संपलेली. ही किक खांबांमधून गेली की काउबॉइजचं वीस वर्षांचं स्वप्न पुरं. थर्स्टनने चेंडू ठेवला, नेहमीची पावलं मोजून मागे गेला. त्याची किक उजवीकडून डावीकडे वळत यायची. चेंडू बाहेरच्या बाजूने निघाला, वळत वळत आत येऊ लागला, आता आत गेला असं वाटलं, आणि ठण्णकन खांबावर आदळून बाहेर पडला. थर्स्टन तिथेच खाली कोसळला.

आता गोल्डन पॉइंट, म्हणजे जो पहिला गुण करेल तो जिंकला. २००३ पासून हा नियम होता, पण अंतिम सामना त्यावर सुटायची वेळ प्रथमच आली होती. काउबॉइजने चेंडू लाथाडून खेळ सुरू केला. खाली होता ब्रॉन्कोजचा बेन हंट, तोही सात नंबरचाच. चेंडू हातात आला आणि निसटला. चेंडू काउबॉइजचा, तोही ब्रॉन्कोजच्या रेषेजवळ. दोन-तीन धडका दिल्या आणि चेंडू मागे थर्स्टनकडे. त्याने ड्रॉप किक मारली. ८२ वं मिनिट. १७-१६.

मला त्यातला एकच भाग पुन्हा पुन्हा आठवतो. खांबाला लागलेली किक आणि ही किक यांच्यामध्ये जेमतेम काही मिनिटं गेली होती. चेंडू दुसऱ्या कुणाकडेही देता आला असता, मॉर्गनही ड्रॉप किक मारू शकला असता. ती किक थर्स्टनने स्वतः मारली.

बेन हंटविषयीही सांगायला हवं, कारण त्या रात्रीनंतर लोकांनी त्याला फार छळलं. दहा वर्षांनी, २०२५ मध्ये, तोच हंट ब्रॉन्कोजकडून अंतिम सामना खेळला आणि जिंकला. मला मनापासून बरं वाटलं.

सामन्यानंतरचा तो बाहुलीचा फोटो कोणता?

जिंकल्यावर थर्स्टन मैदानात बसला होता आणि मांडीवर त्याची चिमुकली मुलगी होती. तिच्या हातात एक बाहुली होती, सावळ्या वर्णाची. एवढंच. पण हा फोटो देशभर फिरला.

थर्स्टन ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांपैकी, गुंगारी समाजातला. इथल्या दुकानात बाहुल्यांच्या फळ्या पाहिल्या की गोऱ्या, निळ्या डोळ्यांच्याच जास्त दिसतात. त्यामुळे देशातल्या सर्वांत मोठ्या सामन्याच्या रात्री, एका विजेत्या कर्णधाराच्या लेकीच्या हातात आपल्यासारखी दिसणारी बाहुली आहे, हे कितीतरी आयांनी पाहिलं आणि लक्षात ठेवलं. गोऱ्या बाहुल्या आणि गोरेपणाच्या क्रीमच्या जाहिराती बघत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

तो डोक्यावर काय घालायचा?

मऊ पॅडिंगचं शिरस्त्राण, इथे त्याला हेडगिअर म्हणतात. बहुतेक मोठे खेळाडू ते घालत नाहीत, याने शेवटपर्यंत घातलं. सामना संपला की ते काढून तो प्रेक्षकांतल्या एखाद्या मुलाला देऊन टाकायचा.

किक मारण्याआधी तो मुलांशी हात मिळवायचा, ते का?

किक मारायची वेळ आली की चेंडू ठेवायची प्लास्टिकची छोटी बैठक, तिला 'टी' म्हणतात, घेऊन एक मुलगा किंवा मुलगी मैदानात धावत येते. खेळाडू सामन्याच्या नादात असतात. बरेच जण टी घेतात, काम झालं की भिरकावून देतात, मूल ती गवतातून उचलून परत पळतं.

थर्स्टन थांबायचा. टी घेताना त्या मुलाच्या डोळ्यांकडे बघून हात मिळवायचा, 'थँक यू' म्हणायचा. किक झाल्यावर टी हातात परत द्यायचा. दर सामन्यात, दर वेळी, फलकावर काहीही असो. मी एकदा ब्रिस्बेनला खालच्या रांगेत बसले होते तेव्हा समोरच हे पाहिलं. टी घेऊन गेलेला मुलगा परत येताना आपल्या उजव्या हाताकडे बघत बघत पळत होता.

का करायचा, याचं उत्तर साधं आहे. त्याला ते सभ्यपणाचं वाटायचं. आता इथल्या गल्लीबोळातल्या सामन्यांत आठ-नऊ वर्षांची पोरं किक मारण्याआधी टी आणणाऱ्याशी हात मिळवताना दिसतात.

स्टेट ऑफ ओरिजिन म्हणजे काय, आणि त्यात त्याचं एवढं नाव का?

दरवर्षी क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्स या दोन राज्यांत तीन सामने होतात. तुम्ही आज कुठल्या क्लबकडून खेळता ते महत्त्वाचं नाही. तुम्ही मूळचे ज्या राज्याचे, त्याच्याकडून उतरायचं. १९८० मध्ये हे सुरू झालं. क्वीन्सलँडचा रंग गडद तांबडा, समोरच्यांचा निळा. त्या बुधवारी संध्याकाळी आमच्याकडे रस्ते रिकामे असतात. भारत-पाकिस्तान सामन्याच्या दिवशी पुण्यातले रस्ते आठवा.

थर्स्टनचं पदार्पण २००५ मध्ये ब्रिस्बेनला झालं. क्वीन्सलँडची १९-० अशी आघाडी विरघळून १९-२० झाली होती. बावीस वर्षांच्या नवख्या पोराने ड्रॉप किक मारून २०-२० केले आणि मॅट बोवनने समोरच्यांचा पास मधल्यामध्ये पकडून सामना जिंकून दिला. मालिका मात्र गेली, कारण पुढच्या दोन सामन्यांत न्यू साउथ वेल्सकडून अँड्र्यू जॉन्स परतला आणि त्याने एकहाती चित्र पालटलं.

त्यानंतर काय झालं ते इथे शाळेतल्या मुलांनाही तोंडपाठ आहे. २००६ ते २०१३ सलग आठ मालिका क्वीन्सलँडने जिंकल्या. डॅरेन लॉकयर, कॅमरन स्मिथ, बिली स्लेटर, ग्रेग इंग्लिस, कूपर क्रॉन्क असे एकेक खेळाडू, आणि त्यांच्यात थर्स्टन. पदार्पणापासून २०१६ पर्यंत सलग ३६ सामने, एकही न चुकवता. या खेळात शरीराचे किती हाल होतात हे पाहिलं तर हा आकडा मला त्याच्या सगळ्या पदकांपेक्षा मोठा वाटतो. ओरिजिनमध्ये सर्वाधिक गुण केलेला खेळाडूही तोच.

२०११ च्या तिसऱ्या सामन्यात त्याच्या पायाला लागलं आणि त्याला बाहेर नेलं. क्वीन्सलँड जिंकलं. लॉकयरचा तो ओरिजिनमधला शेवटचा सामना. निरोपाच्या वेळी थर्स्टन चाकाच्या खुर्चीत बसून मैदानात आला.

तो हाफबॅक होता की फाइव्ह-एट्थ?

दोन्ही. काउबॉइजकडून बहुतेकदा सात नंबर, म्हणजे हाफबॅक. लॉकयर निवृत्त झाल्यावर क्वीन्सलँडला सात नंबरवर क्रॉन्क हवा होता, तेव्हा थर्स्टन सहा नंबरवर, म्हणजे शेजारच्या फाइव्ह-एट्थच्या जागेवर सरकला. इथे पाठीवरचा नंबर खेळाडूच्या आवडीचा नसतो, जागेचा असतो. सात नंबर म्हटलं की आपल्याला धोनी आठवतो, ते गणित इथे लागू नाही.

खांदा दुखावलेला असताना किक मारली, ते कधी?

२०१७. मे महिन्यात न्यूझीलंडविरुद्ध खेळताना खांद्याला लागलं. ओरिजिनचा पहिला सामना हुकला, सलग ३६ ची साखळी तुटली, क्वीन्सलँड हरलं. दुसऱ्या सामन्यासाठी तो सिडनीत परतला. त्या सामन्यात खांदा पुन्हा गेला आणि हा मैदानातच राहिला. क्वीन्सलँड १२-१६ ने मागे. तीन-चार मिनिटं उरली असताना डेन गगाईने कोपऱ्याकडे ट्राय केला, १६-१६. एक हात अंगाशी धरून उभ्या असलेल्या थर्स्टनने किक मारली. १८-१६.

पुढे शस्त्रक्रिया, हंगाम संपला. तो ओरिजिनमधला त्याचा ३७ वा आणि शेवटचा सामना, आणि त्यातली शेवटची गोष्ट ही किक. तिसरा सामना जिंकून क्वीन्सलँडने मालिका घेतली.

पुरस्कार किती?

डॅली एम चार वेळा: २००५, २००७, २०१४, २०१५. चार वेळा मिळवणारा तो पहिलाच. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बूट तीनदा: २०११, २०१३, २०१५. २०१५ च्या अंतिम सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूचं क्लाइव्ह चर्चिल पदक. ऑस्ट्रेलियाकडून ३८ कसोट्या, ३८२ गुण. २०१३ चा विश्वचषक. एनआरएलमध्ये एकूण २२२२ गुण.

अँड्र्यू जॉन्स मोठा की थर्स्टन?

इथे या प्रश्नावर लग्नातल्या पंगती उठतील.

जॉन्स न्यूकॅसलचा, १९९७ आणि २००१ चा विजेता, तीन डॅली एम. २०१२ मध्ये 'इमॉर्टल' म्हणून निवडला गेलेला आठवा खेळाडू. हा इथला सर्वोच्च मान. १९९७ च्या अंतिम सामन्यात फासळ्या मोडून फुप्फुसाला इजा झालेली असताना तो खेळला आणि शेवटच्या सहा सेकंदांत त्याच्याच पासवर विजयाचा ट्राय झाला. किकमधली विविधता, पासची लांबी, खेळ वाचायची ताकद, या बाबतीत जॉन्स पुढे, असं मलाही वाटतं. हाफबॅकची कला शिकायची असेल तर जॉन्स पाहा.

पण दोन मिनिटं उरलीत, चार गुणांनी मागे आहोत आणि कुणा एकाच्या हातात चेंडू द्यायचा आहे, असं झालं तर मी थर्स्टनला देईन.

या खेळात डोक्याला मार बसतो, त्याचं काय?

ही काळजी खरी आहे आणि मी ती टाळत नाही. २०१५ मध्ये काउबॉइजना जिंकून देणारा प्रशिक्षक पॉल ग्रीन स्वतः जुना हाफबॅक. तो २०२२ मध्ये अवघ्या ४९ व्या वर्षी गेला. घरच्यांनी त्याचा मेंदू संशोधनासाठी दिला आणि तपासणीत सीटीई सापडला. डोक्यावर वारंवार बसणाऱ्या धक्क्यांशी जोडलेला हा मेंदूचा आजार. आता डोक्याला मार बसला की खेळाडूला बाहेर नेऊन तपासतात, उंच पकडीला शिक्षा कडक झाली आहे. मुलांना खेळायला पाठवायचं का, असं इथली मराठी मंडळी विचारतात. बिनपकडीचं टच फुटबॉल हा चांगला मार्ग आहे, आमच्या उपनगरात ते मुलीही मोठ्या संख्येने खेळतात.

निवृत्तीनंतर तो काय करतो?

२०१८ चा हंगाम संपल्यावर थांबला. संघासाठी ते वर्ष वाईट गेलं, पण दर मैदानावर, विरोधी प्रेक्षकांतही, लोक उभे राहून निरोप देत होते. आता त्याच्या नावाची अकादमी तरुणांना, विशेषतः मूळ रहिवासी मुलांना, शिक्षण आणि नोकरीच्या वाटेवर आणायचं काम करते. समाजकामासाठी २०१७ मध्ये त्याला ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाचं पदक मिळालं. टीव्हीवर समालोचनातही दिसतो.

बघायला सुरुवात कुठून करू?

२०१५ च्या अंतिम सामन्याची शेवटची दहा मिनिटं. एकदा चेंडूकडे बघत पाहा, दुसऱ्यांदा फक्त त्याच्याकडे. चेंडू दुसऱ्या टोकाला असतानाही तो काय बोलतोय, कुणाला कुठे हलवतोय, ते दिसेल. आणि खांबाला लागलेल्या त्या किकच्या आधी, टी घेऊन येणाऱ्या मुलाकडे लक्ष ठेवा.